खोटा असू दे

बर्लिनमध्ये शनिवार-रविवारी १७ जून रस्त्यावर जुना बाजार भरतो. टिअरगार्टन स्टेशनावर उतरलं की जवळच. झुंबरांचे सुटे लोलक, पितळी नळ, कान तुटलेल्या किटल्या, कोणाच्या तरी लग्नाचे फोटो. दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका टेबलावर, बिस्किटांच्या डब्यात, मला एक बिल्ला सापडला. अंडाकृती, धातूचा, मध्ये शिडाचं वायकिंग जहाज आणि ‘एर्हार्ट’ हे नाव. करड्या लोकरी कापडाच्या एका तुकड्यावर तो दोऱ्याने टाचलेला होता.

त्याच टेबलावरच्या काही नाण्यांवर आणि पदकांवर छोटे गोल पांढरे स्टिकर होते. नाझींचं स्वस्तिक उघड्यावर दाखवणं हा जर्मनीत कलम ८६अ खाली गुन्हा आहे. संशोधन, शिक्षण, कला यांना सूट आहे, पण बाजारातला माणूस कशाला वाद घालेल, तो स्टिकर चिकटवून मोकळा होतो. माझ्या बिल्ल्यावर स्टिकर नव्हता. विचारलं तर विक्रेता म्हणाला, “त्याला लागत नाही. तो आधीचा आहे.”

(स्वस्तिकावरून इथे राहणाऱ्या मराठी माणसाला दर दिवाळीला कुणाला तरी एक व्याख्यान द्यावं लागतं. ते इथे देत नाही, काळजी नको.)

‘आधीचा’ म्हणजे निर्दोष, असं मी मनातल्या मनात भाषांतर करून टाकलं आणि पंचवीस युरो दिले.

आधीचा म्हणजे कधीचा? १९१८ च्या नोव्हेंबरात जर्मनीचा पराभव झाला, कैसर हॉलंडला गेला, आघाडीवरून लाखो माणसं परतली. सैन्य मोडीत निघालं होतं आणि व्हर्सायच्या तहाने पुढे ते एक लाखावर आणलं. या मधल्या पोकळीत माजी अधिकाऱ्यांनी स्वतःच्या तुकड्या उभ्या केल्या. त्यांना फ्रायकोर म्हणत. नव्या प्रजासत्ताकाच्या सरकारनेच डाव्यांचे उठाव मोडायला त्यांना वापरलं. रोझा लक्झेम्बर्ग आणि कार्ल लीबक्नेख्त यांना १५ जानेवारी १९१९ च्या रात्री मारलं ते अशाच सैनिकांनी. प्रत्येक तुकडीचं चिन्ह वेगळं. जनरल मेर्करच्या लोकांच्या कॉलरवर ओकची पानं, एपच्या तुकडीच्या बाहीवर सिंहाचं डोकं, ओबरलांडचं एडेलवाइसचं फूल. माजी नौदल अधिकारी हेरमान एर्हार्टच्या ब्रिगेडचं हे जहाज. एकेका चिन्हाचं चित्र पाहिलं तर एखाद्या शाळेच्या ‘हाऊस’चा बिल्ला वाटावा.

आता मला यात मजा का आली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. माझे बाबा लहानपणी काड्यापेटीचे छाप जमवायचे, मी चिप्सच्या पाकिटातले टॅझो. नोकरीत मी मशीनला वस्तू ओळखायला शिकवतो. म्हणजे हे मांजर, हे कुत्रं, हे फुटलेलं नटबोल्ट. फ्रायकोरची चिन्हं हा त्यातला सगळ्यात अवघड डेटासेट आहे. कारण एकच एक नमुना असा नव्हताच. कोणी गावच्या सोनाराकडून ठोकून घेतलं, कोणी शिवून घेतलं. शिवाय लढाया संपल्यावर माजी सैनिकांना मिरवायला म्हणून तेच बिल्ले पुढची कित्येक वर्षं बनत राहिले. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर संग्राहकांसाठी नकला आल्या. म्हणजे ‘अस्सल’ या शब्दाचेच तीन-चार अर्थ. मूळ दस्तऐवज नाही, व्हर्जन कंट्रोल नाही आणि प्रत्येकाने आपापली फांदी काढलेली!

नंतरच्या नाझी काळातली चिन्हं ओळखायला त्यामानाने सोपी. एसए म्हणजे नाझी पक्षाची तपकिरी शर्टवाली खाजगी फौज. तिच्या कॉलरपट्टीचा रंग प्रांताप्रमाणे ठरलेला, एका बाजूच्या पट्टीवर हुद्दा, दुसऱ्या बाजूला तुकडीचा आकडा. पक्षाने सामान तपासणारं स्वतंत्र खातंच काढलं होतं, राइशझॉइगमाइस्टराय नावाचं. कोणता कारखाना काय बनवेल, त्यावर कोणता सांकेतिक क्रमांक असेल, सगळं नेमून दिलेलं. मला याची गंमत वाटायची. गुंडांनासुद्धा क्वालिटी कंट्रोल लागतो.

खरं-खोटं तपासायची साधनंही साधी आहेत. एक अतिनील टॉर्च. युद्धानंतरच्या धाग्यांमध्ये आणि कपडे धुण्याच्या पावडरींमध्ये पांढरेपणा वाढवणारी रसायनं आली, ती या प्रकाशात निळसर चमकतात. जुना सुती किंवा लोकरी धागा मंद राहतो. अर्थात एखाद्या आजीने अस्सल शर्ट १९७० साली पावडरीत धुतला असेल तर तोही चमकेल, आणि नकला करणारा हुशार असेल तर जुनाच दोरा शोधून आणेल. दुसरी रीत म्हणजे धाग्याचं टोक जाळून बघणं. सुती धाग्याची राख होते, नायलॉनची गोळी होते. मग भिंगाखाली धातूची झीज. खरी झीज उंचवट्यांवर होते, म्हणजे बाही जिथे टेबलाला, दाराला, दुसऱ्या माणसाला घासते तिथे. कानशीने केलेली झीज सगळीकडे सारखी असते.

मी खोलीतला दिवा बंद करून टॉर्च मारला. दोरा चमकला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बिल्ला टीममधल्या एका जर्मन सहकारी मुलीला दाखवला. दोरा, झीज, कापड, सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, वा. तिने बिल्ला हातात घेतला नाही. घरी त्यांच्याकडेही पणजोबांचा असा एक डबा आहे म्हणाली, माळ्यावर. कोणी उघडत नाही. मग म्हणाली, “खोटा असू दे.”

मला राग आला. एक तर माझा आनंद तिने पार पाण्यात घातला, आणि दुसरं म्हणजे तिचं म्हणणं मला भाबडं वाटलं. बिल्ला खोटा असल्याने १९२० साल थोडंच खोटं होणार आहे? पण परतताना यू-बानमध्ये मी तिच्या वाक्याकडे उलट्या बाजूने बघायला लागलो. तो खोटा निघावा असं तिला का वाटतं, हे सोपं होतं. तो खरा निघावा असं मला का वाटत होतं?

संग्राहकांचं नेहमीचं उत्तर असतं, आम्ही इतिहास जपतो. ते तपासून बघू. समजा कोणीतरी हुबेहूब नक्कल केली. तोच धातू, तेच जहाज, तीच झीज, दोरासुद्धा न चमकणारा. इतिहास शिकायला ही नक्कल पुरेशी आहे. चित्र तेच, नाव तेच. तरी माझ्या लेखी तिची किंमत शून्य. म्हणजे मी पैसे देतो ते माहितीचे नाहीत. मी पैसे देतो ते ‘हा तिथे होता’ या एका गोष्टीचे. कोणाच्या तरी दंडावर, त्या दिवशी, तिथे. आणि तिथे काय चाललं होतं?

या बाजारात किंमत कशी ठरते ते बघा. एखाद्या कोठाराच्या कारकुनाचा बिल्ला आणि एखाद्या कुप्रसिद्ध तुकडीचा बिल्ला, धातू सारखाच असला तरी भाव सारखा नसतो. साध्या सैनिकाच्या टोपीपेक्षा एसएसची टोपी महाग. कवटी असेल तर आणखी महाग. दुर्मिळता हे एक कारण आहे, पण ते एकच नाही. क्रौर्याच्या जितकं जवळ, तितकी किंमत. खोटा बिल्ला नैतिकदृष्ट्या स्वच्छ असतो, त्याने कोणाचं काही केलेलं नसतं. म्हणूनच तो कोणालाच नको असतो.

हे फक्त जर्मनांचं किंवा विकृत लोकांचं आहे असं म्हणून सुटता येत नाही. २०२४ साली लंडनच्या संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा माझी मावशी रांगेत उभी राहून बघून आली. फोनवर मी शहाणपणा केला, म्हटलं, मावशी, ही तीच असं खात्रीने सांगता येत नाही, असं ते संग्रहालयच म्हणतं. ती म्हणाली, “मला माहितीये रे. पण असतील तर?” मला इथे हातांची तुलना करायची नाही, कोणी करूही नये. ओढीची करायची आहे. ‘असतील तर’ ही मावशीच्या बाबतीत भक्ती होती. तिला माहीत होतं की आपल्याला त्या हाताच्या जवळ का जायचं आहे. मी टॉर्च घेऊन अंधारात बसलो होतो तेव्हा माझंही ‘असेल तर’च चाललं होतं, फक्त कोणाच्या जवळ जायचंय हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता.

तर मग विचारायला लागलो.

१३ मार्च १९२० रोजी पहाटे एर्हार्टची ब्रिगेड बर्लिनच्या पश्चिमेच्या ड्योबेरित्सच्या छावणीतून टिअरगार्टनमार्गे शहरात घुसली. सरकारने ब्रिगेड बरखास्त करायचा हुकूम काढला होता, तो मानायचा नव्हता. कित्येकांच्या शिरस्त्राणांवर स्वस्तिक रंगवलेलं होतं. १९२० साली! विक्रेत्याचा ‘आधीचा’ तिथेच संपला. वोल्फगांग काप नावाच्या एका सरकारी अधिकाऱ्याला त्यांनी चॅन्सेलर म्हणून बसवलं. सरकार पळालं, पण कामगारांनी सार्वत्रिक संप केला, पाणी, वीज, रेल्वे बंद पडली आणि चार-पाच दिवसांत काप महाशय निघून गेले. १८ मार्चला ब्रिगेड ब्रांडेनबुर्ग दरवाजातून परत जायला निघाली. बघ्यांच्या गर्दीतून कोणीतरी हुर्यो केली. सैनिकांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या. १२ माणसं मेली, ३० गंभीर जखमी.

हरून परत जाणाऱ्या माणसांना कोणीतरी हसलं, एवढंच.

टिअरगार्टनमधून त्या दरवाजाकडे जाणारा रुंद रस्ता म्हणजे तेव्हाचा शार्लोटेनबुर्गर शॉसे. १९५३ साली त्याचं नाव बदललं. आता तो १७ जून रस्ता. मी बिल्ला घेतला त्या टेबलापासून दरवाजा याच रस्त्यावर सरळ पुढे आहे. सांगलीहून आई-बाबा आले तेव्हा मी त्यांचा फोटो काढला होता तोही याच दरवाजाखाली, बाबा हात मागे बांधून.

या ब्रिगेडची गोष्ट तिथे संपत नाही. तिच्यातल्याच लोकांनी पुढे ‘ऑर्गनायझेशन कॉन्सूल’ नावाची गुप्त टोळी काढली. १९२१ च्या ऑगस्टमध्ये माजी अर्थमंत्री माथियास एर्झबेर्गर, १९२२ च्या जूनमध्ये परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाउ यांचे खून या टोळीचे.

मी माझी एक्सेल शीट उघडली. बिल्ल्यांची नोंद ठेवतो ती. तोवर माझ्याकडे नऊ बिल्ले झाले होते. रकाने होते: तुकडी, साल, धातू, वजन, मागची बाजू, दोरा, टॉर्च, खरेदी किंमत, आजचा भाव, शेरा. स्वतःवर खूश होऊन बनवलेली शीट. हे घालून माणसांनी काय केलं, याला रकाना नव्हता. मी तो विसरलो नव्हतो. तो लागेल असं मला वाटलंच नव्हतं. हा फरक मला जास्त टोचला. छंदाची पद्धतच अशी आहे की तुम्ही दोऱ्यावर इतकं झूम करता की बाही दिसत नाही, आणि बाहीवर इतकं की हात दिसत नाही. आणि हे सगळं अभ्यासाच्या, काटेकोरपणाच्या नावाने होतं, त्यामुळे अपराधी वाटायचंही काही कारण उरत नाही.

इथे मी छंदाला शिव्या घालून लेख संपवू शकलो असतो. पण मधे गम्बेल आला.

होस्टेलला माझा रूममेट सिव्हिलचा होता. त्याच्या हायड्रोलॉजीत ‘गम्बेल मेथड’ हमखास. दरवर्षीच्या सर्वात मोठ्या पुराचे आकडे घ्यायचे आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर किती मोठा असेल ते काढायचं. सांगलीचा पोरगा म्हणून मी त्याला कृष्णेच्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळ्या दिल्या होत्या, आणि आम्ही रात्री दोन वाजता चहा पीत घर कितीदा बुडेल याचं गणित केलं होतं. पुढे मशीन लर्निंगमध्ये ‘गम्बेल-सॉफ्टमॅक्स’ भेटलं. पण गम्बेल हा कोणी माणूस आहे, हे डोक्यातच आलं नव्हतं. फ्रायकोरबद्दल वाचताना ते नाव पुन्हा दिसलं आणि मला वाटलं, दुसरा कोणी असेल.

तोच होता. एमिल युलियुस गुंबेल, जन्म १८९१, म्यूनिच. संख्याशास्त्रज्ञ. १९१९ साली सैनिक त्याला शोधत घरी आले होते, तो परगावी होता म्हणून वाचला. १९२२ मध्ये त्याने ‘राजकीय खुनांची चार वर्षं’ या नावाचं पुस्तक काढलं. त्यात त्याने एकेक खून नोंदवला. कोणाला मारलं, कधी, कुठे, कोणी, आणि शिक्षा काय झाली. मग बेरीज. उजव्यांनी केलेले खून ३५४. डाव्यांनी केलेले २२. उजव्यांच्या ३५४ पैकी ३२६ खुनांना काहीच शिक्षा नाही. डाव्यांच्या २२ पैकी शिक्षा न झालेले फक्त ४. कोर्ट कसं चालतं यावर पानभर अग्रलेख लिहून जे झालं नसतं ते या चार आकड्यांनी केलं. न्यायखात्याने स्वतः चौकशी केली तर त्याचं म्हणणं मोठ्या प्रमाणात खरं निघालं. सरकारने तो अहवाल छापला नाही, म्हणून १९२४ मध्ये तोही यानेच छापला. हायडेलबर्गला १९३२ मध्ये त्याचा शिकवण्याचा अधिकार काढून घेतला, १९३३ मध्ये नागरिकत्व. फ्रान्समार्गे तो अमेरिकेला गेला आणि १९६६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारला. ज्या गणितासाठी आपण त्याला ओळखतो ते ‘टोकाच्या मूल्यांचं’, म्हणजे क्वचित घडणाऱ्या पण घडल्या की सगळं वाहून नेणाऱ्या गोष्टींचं.

मला त्याच्याबद्दल जे आवडतं ते हे, की त्याची पद्धत संग्राहकाचीच आहे. तोच किडेपणा. तारीख, जागा, नाव, पडताळणी, रकाना. तोही झूमच करत होता, फक्त भिंग दुसऱ्या टोकाला धरून. म्हणजे दोष बारकाव्यांचा नव्हता.

एसएच्या कॉलरवरचा आकडा वाचता येणं ही म्हणाल तर फुशारकी आहे. पण ‘३३’ वाचून पुढे जाता येतं. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागातली ३३ नंबरची तुकडी. २२ नोव्हेंबर १९३० ला यांनी ‘ईडन’ नावाच्या नाचघरात कामगारांच्या कार्यक्रमावर हल्ला केला, गोळ्या झाडल्या. खटल्यात जखमींच्या बाजूने हान्स लिटेन नावाचा वकील उभा होता, वय २७. त्याने ८ मे १९३१ ला थेट हिटलरला साक्षीला बोलावलं आणि पक्षाची हिंसा कोणाच्या हुकमाने चालते यावर त्याची उलटतपासणी घेतली. राइशस्टागला आग लागली त्या रात्री लिटेनला उचललं. पाच वर्षं छळछावण्यांमध्ये. ५ फेब्रुवारी १९३८ ला डाखाउमध्ये त्याने गळफास घेतला. ३४ वर्षांचा होता. ही पट्टी बघून ‘शिलाई मूळची आहे’ एवढंच म्हणायचं की हेही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे असं मी आधी म्हटलं असतं. आता म्हणत नाही.

आठ बिल्ले मी काढून टाकले. त्यातले सहा नकला होत्या, त्यामुळे फार मोठा त्याग वगैरे नाही. एर्हार्टचा राहिला. त्याचं काय करायचं हे अजून कळलेलं नाही. एकाने साडेतीनशे युरो देऊ केले. त्याने विश्वास बसावा म्हणून त्याच्या घरचं कपाट फोटोत पाठवलं. काच, आतून पिवळे दिवे, मखमलीवर ओळीने मांडलेलं सगळं. मला आमचं देवघर आठवलं. मी नाही म्हणून कळवलं. एका संग्रहालयाला लिहिलं, त्यांनी नम्रपणे कळवलं की त्यांच्याकडे असे आहेत आणि माझ्याकडच्याची मूळ मालकी सांगता येत नाही. स्प्री नदीत टाकावा असंही वाटलं, पण ते फक्त मला बरं वाटावं म्हणून झालं असतं.

तो पुन्हा बिस्किटांच्याच एका डब्यात आहे. शीटमध्ये रकाना वाढवला, ‘१८ मार्च १९२०’, त्यात आकडा टाकला, १२. आणि त्यापुढे आणखी एक रकाना, नावांचा. तो रिकामा आहे.

बर्लिनच्या राज्य अभिलेखागारात जुन्या मृत्यूनोंदींची पुस्तकं बघायला मिळतात. मी वेळ मागितली, पुढच्या महिन्यातला मंगळवार मिळाला, सुट्टी टाकली आहे. अडचण एवढीच की त्या नोंदी कुरेंट लिपीत आहेत. कुरेंट म्हणजे जर्मनांची मोडी, ऑफिसातल्या कोणालाच वाचता येत नाही. त्या सहकारी मुलीच्या आजीला येते म्हणे. पानांचे फोटो काढून आण, बघू, असं ती म्हणाली. तोवर मी रोज रात्री अर्धा तास गिरवतोय. त्यातले ई आणि एन मला अजून एकसारखेच दिसतात.